स्कॉटलंडची माशी आणि फ्रोइलानचा बिशप

लिओनच्या डोंगरांतल्या ओतेरा गावात कोणी वारलं तर हळहळ दुपारपर्यंत चालते, पण कोंबड्यांचा मालक बदलणार म्हटलं की आठवडाभर लोकांना घास गिळवत नाही. जानेवारीतल्या एका दुपारी फ्रोइलानबाबांनी सिरोच्या खानावळीत हातातले पत्ते पालथे ठेवले आणि जाहीर केलं, "मी शहाऐंशीचा झालो. यंदा नदीतल्या ट्राउट माशांचा हंगाम उघडेल त्या सकाळी मी माझे कोंबडे देऊन टाकणार." सिरो त्या वेळी बाल्बिनोच्या ग्लासात वाइन ओतत होता. तो ओततच राहिला. ग्लास भरला, टेबल भरलं, बाल्बिनोची मांडी भिजली, आणि बाल्बिनो हा पोलिसातून निवृत्त झालेला माणूस असूनही घरी जाईपर्यंत त्याला ते कळलं नाही.

त्याच टेबलाशी चौथा गडी म्हणून बसलेल्या अनिसेतोला मात्र लागोपाठ दोन धक्के बसले. पहिला सगळ्यांसारखाच. दुसरा सासऱ्यांच्या पुढच्या वाक्याचा.

"हे आमचे जावईबापू," फ्रोइलानबाबा म्हणाले, "चोवीस वर्षं माझ्या घरी जेवताहेत. त्यांनी त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच कोंबड्यांच्या पिसांनी गळावर बांधलेल्या माशीवर एक ट्राउट काढून दाखवावा. एकच. काढला तर कोंबडे त्यांचे. नाही तर माझा पुतण्या सातुरिओ आहेच."

'एकच' ऐकल्यावर खानावळीत जे हसू पसरलं ते सभ्य माणसाच्या वर्मी लागावं असंच होतं. अनिसेतो पंचायतीच्या कचेरीत कारकून होता, जन्ममृत्यूचं दप्तर सांभाळायचा, शिक्का कधी वाकडा मारायचा नाही. पण तो खाली पठारावरचा, म्हणजे गव्हाच्या मुलखातला. लग्न करून या कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यात आला आणि चोवीस हंगाम नेमाने नदीवर उभा राहिला. या चोवीस वर्षांत त्याच्या गळाला काठावरची सगळी झाडं लागली होती, स्वतःची टोपी लागली होती, एकदा पाद्रीबाबांची बाही आणि एकदा पलीकडच्या तीरावर चरणारी गाय लागली होती. ट्राउट लागला नव्हता.

इथे कोंबड्यांचं माहात्म्य सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. गळावर दोरा गुंडाळून, त्यावर पीस बांधून जी खोटी माशी करतात, तिच्यासाठी या खोऱ्यातल्या कोंबड्यांची पिसं परदेशी जातात. करडी, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, उजेडात धरली तर पाणी चमकावं तशी चमकणारी. हेच कोंबडे दोन डोंगर ओलांडून दुसरीकडे नेले तर वर्षभरात पिसांची रया जाते. का जाते ते कोणालाच माहीत नाही, त्यामुळे प्रत्येकाला पक्कं माहीत आहे. बाल्बिनोच्या मते पाण्यात लोखंड आहे, सिरोच्या मते थंडीला धार आहे, आणि पाद्रीबाबांच्या मते देवाला इथलीच पिसं आवडतात. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत: या पिसांना माणसाचा हात लागलेला नाही. ओतेरात माणूस बायको सोडेल, पक्ष सोडेल, फार काय कर चुकवेल, पण पिसाला रंग लावणार नाही. तसं करण्यासाठी शब्दसुद्धा तिथे नाही.

सातुरिओ हा पुतण्या ओविएदो शहरात फर्निचर विकायचा. खुराड्याच्या जागी पर्यटकांसाठी चार खोल्या काढायचा त्याचा बेत होता. कोंबड्यांचं काय करशील, असं अनिसेतोच्या बायकोने, एतेल्विनाने, त्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "चौदा आहेत ना? सूप." एतेल्विना फोन ठेवून थेट खुराड्यात गेली आणि तासभर बाहेर आली नाही. त्या कोंबड्यांची पिसं निवडणं, बारा-बाराच्या जुड्या बांधणं, हे ती सातव्या वर्षापासून करत आली होती. चोवीस वर्षं रोज सकाळी दाणे टाकणारा अनिसेतोही काही दगड नव्हता. प्रत्येक कोंबड्याची खोड त्याला पाठ होती. त्यांतल्या सगळ्यात देखण्या, ठिपकेदार, मान ताठ ठेवून चालणाऱ्या कोंबड्याला गाव बिशप म्हणत असे, आणि हा बिशप फक्त अनिसेतोच्या हातून मका खायचा.

"अहो, एक ट्राउट," एतेल्विना म्हणाली. "तुमच्याकडून मी आजवर काही मागितलं नाही."

हे धादांत खोटं होतं, पण ती वेळ हिशेब करण्याची नव्हती.

अनिसेतोने विचार केला. खोऱ्यातल्या करड्या, सज्जन माश्यांनी त्याला चोवीस वर्षं दगा दिला होता. पंचविसाव्या वर्षी त्या सुधारतील याला आधार काय? आणि मग त्याला तो स्कॉटिश म्हातारा आठवला. गेल्या सप्टेंबरात सिरोच्या वरच्या खोलीत उतरलेला. त्याच्याकडची माशी जत्रेतल्या घोड्यासारखी नटलेली होती: शेंदरी पिसं, हिरवं अंग, वर सोनेरी कलाबूत. गाव पोट धरधरून हसलं. म्हाताऱ्याने दोन तासांत अकरा ट्राउट काढले, सगळे परत पाण्यात सोडले आणि वर जाऊन झोपला. त्यानंतर गाव हसलं नाही. गावाने हे घडलंच नाही असं ठरवून टाकलं आणि त्या दिवसाविषयी पुन्हा कोणी चकार शब्द काढला नाही. पण म्हाताऱ्याने जाताना कागदी रुमालावर त्या माशीचं चित्र काढून दिलं होतं, आणि अनिसेतोने ते मृत्यूच्या नोंदवहीखाली जपून ठेवलं होतं. तिथे कोणी आपणहून हात घालत नाही.

अंगासाठी हिरवी लोकर एतेल्विनाच्या स्वेटरच्या काखेतून मिळाली. कलाबूत नाताळच्या सजावटीतून. राहिली शेंदरी पिसं. ती त्याने स्कॉटलंडहून मागवली आणि त्यांत सासऱ्यांच्या कोंबड्याचं एक पीस गुंफायचं, म्हणजे अट पाळल्यासारखी होईल, असा कारकुनी तोडगा काढला.

पार्सल आलं नाही, कस्टमचा सहा पानी फॉर्म आला. पोस्टातली निएवेस तो आणून द्यायला आली ती वाचतच. "अनिसेतोभाऊ, 'पक्ष्याचे अवशेष' मागवलेत? इथे विचारलंय, पक्षी जिवंत आहे का. असल्यास वय. नसल्यास मृत्यूचं कारण."

निएवेसच्या पोटात फक्त जेवण राहतं. संध्याकाळपर्यंत अनिसेतोने पोपट मागवलाय आणि तो वाटेत मेला, इतपत बातमी तयार झाली. सिरोने खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं. बाल्बिनो म्हणाला, "पुढच्या वेळी मैना घे. पोपट बोलतो, पण घरातलं बाहेर बोलतो." ज्या माणसाने आयुष्यात मांजरही पाळलं नाही त्याने हे सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

फॉर्ममध्ये दिलेल्या नंबरवर त्याने फोन केला. माद्रिदमधल्या साहेबांनी आधी पशुवैद्यकाचा दाखला मागितला, मग त्या दाखल्याचा दाखला मागितला. शेवटी विचारलं, "पिसं कशासाठी?"

"माश्या बांधायला."

"पत्ता कुठला म्हणालात?"

"ओतेरा. कुरुएन्योचं खोरं."

मग साहेबांचा आवाज बदलला. "साहेब, मीही मासे धरतो. माझे वडील दर वर्षी तुमच्या खोऱ्यातून दोन जुड्या आणायचे आणि देवासारख्या जपायचे. आणि तुम्ही, तिथे बसून, कोंबड्याची पिसं स्कॉटलंडहून मागवता?"

"म्हणजे... जरा प्रयोग..."

"मी हे पार्सल परत पाठवतोय," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे. पण नियम नसता तरी पाठवलं असतं." आणि फोन ठेवला. अनिसेतो स्वतः वीस वर्षं लोकांचे अर्ज परत करत आलेला. पण अर्ज परत करताना त्याने कोणाच्या वडिलांना मध्ये आणलं नव्हतं. हे त्याला फार लागलं.

तोवर मार्च उजाडला होता. रविवारी हंगाम उघडणार आणि आज बुधवार. फ्रोइलानबाबा खोकल्याने माडीवर झोपून होते, डॉक्टरांनी रविवारपर्यंत खाली उतरायची मनाई केली होती. एतेल्विना निएवेसकडे गेली होती. अशा वेळी चांगल्या माणसाच्या डोक्यात जो विचार येऊ नये तो अनिसेतोच्या डोक्यात आला: पिसं सासऱ्यांचीच घ्यायची आणि रंग आपण लावायचा.

आता रंग कुठला? इथे त्याचं डोकं पक्कं लिओनी चाललं, पठारावरचा असला म्हणून काय झालं. नोव्हेंबरात घरोघरी डुक्कर कापतात, आतड्यात मसालेदार मांस कोंबून चोरिसो भरतात, आणि त्यात पिमेंतोन, म्हणजे धुरावर वाळवलेल्या मिरचीची लालभडक पूड, किलोंनी घालतात. त्या दिवशी ज्याच्या सदऱ्यावर डाग पडला तो डाग सदऱ्याबरोबर पुरला जातो. माणसाचे हात नाताळपर्यंत शेंदरी असतात. यापेक्षा पक्का रंग जगात असणं शक्य नाही, असा त्याचा ठाम निष्कर्ष निघाला. शिवाय अर्धा डबा शिल्लक होता. इंटरनेटवर लोकर रंगवायची कृती सापडली. तीत पिमेंतोन मावलं, भातात घालायचा पिवळा रंगही मावला, आणि व्हिनेगर तर हवंच होतं. कृती दहा किलो लोकरीची होती. अनिसेतोला कागदावरचा आकडा बदलायची सवय नव्हती. परिणामी बारा पिसांसाठी, जी हातात धरली तर जाणवतही नाहीत, त्याने डुक्कर धुवायच्या जस्ताच्या टबात चाळीस लिटर रंग उकळला.

सगळ्या घरात चोरिसोचा घमघमाट सुटला. माडीवरून खोकल्यातून आवाज आला, "मार्चमध्ये कोणाचं डुक्कर कापताय?"

"कोणाचं नाही बाबा! सूप!" अनिसेतो ओरडला आणि लगेच जीभ चावली.

मागच्या दाराशी एतेल्विनाची पावलं वाजल्यासारखी वाटली म्हणून त्याने टब फरफटत खुराड्याच्या अंगणात नेला आणि निववायला अक्रोडाखाली ठेवला. पावलं तिची नव्हती, पण चोराच्या मनात चांदणं. तो परत आत गेला, दोन तासांनी झारा घेऊन बाहेर आला, आणि त्याच्या हातातून झारा गळून पडला.

बिशप टबाच्या काठावर चढला होता. मका घालणाऱ्या माणसाने आज एवढं मोठं भांडं ठेवलंय म्हणजे त्यात काहीतरी चांगलं असणार, असं त्या मुक्या जिवाला वाटलं असेल. त्याने मान वाकवून आत पाहिलं. अनिसेतो म्हणाला, "नको." बिशपने त्याच्याकडे पाहिलं आणि पाय घसरला.

रंग कोमटच होता, एवढीच देवाची दया. बिशप बाहेर आला तो शेंदरी होता. मान शेंदरी, पाठ शेंदरी, शेपटीची कमान तर पेटल्यासारखी. बाकीचे तेरा कोंबडे मागे मागे सरकत भिंतीला टेकले. बिशपने अंग झटकलं, अनिसेतोचा सदराही शेंदरी झाला, आणि त्याच क्षणी खरोखरच एतेल्विना मागच्या दारातून आली.

ती ओरडली नाही. चोवीस वर्षांत ती पहिल्यांदाच ओरडली नाही, आणि त्यानेच अनिसेतोचं धाबं दणाणलं. ती बादलीवर बसली. "अहो," एवढंच म्हणाली. बऱ्याच वेळाने पुन्हा, "अहो."

"पिसंसुद्धा रंगली आहेत," अनिसेतोने चांगली बाजू दाखवायचा प्रयत्न केला.

"बाबांनी पाहिलं तर ते मरतील. गावाने पाहिलं तर आपण मरू. रविवारी बिशपलाच टोपलीत घालून नदीवर न्यायचाय, कोंबडा हातात दिला की खुराडं दिलं म्हणून! आजोबांपासूनची रीत आहे. धुवा त्याला!"

गुरुवारी अनिसेतो गावभर सल्ला मागत फिरला. कोंबड्याचं नाव काढणं शक्यच नव्हतं; टेबलक्लॉथवर चोरिसो सांडला, असं सांगायचं ठरलं.

"व्हिनेगर," सिरो म्हणाला. "रात्रभर बुडवून ठेव. वर जड दगड ठेव, म्हणजे तरंगणार नाही."

"दगड ठेवता येणार नाही," अनिसेतो म्हणाला.

"का? काच आहे काय?"

"जुना आहे. नाजूक."

निएवेसने राख आणि कोमट दूध सांगितलं, आणि शेवटी दगडावर आपटायला सांगितलं. बाल्बिनोने पोलिसी खाक्यात सगळी हकीकत विचारून घेतली. डाग किती जुना, कोणत्या बाजूला, चोरिसो कोणी सांडला, त्याचा हेतू काय. मग म्हणाला, "लिंबू लाव, उन्हात टांग, आणि काढल्यावर इस्त्री फिरव."

"इस्त्री नको."

"बिनइस्त्रीचा टेबलक्लॉथ घरात ठेवतोस? तुझ्या बायकोला माहीत आहे हे?"

व्हिनेगरने बिशप चिडला. राखेने चावला. दुधाने मात्र खूश झाला, कारण ते त्याने पिऊन टाकलं. लिंबू लावून उन्हात ठेवल्यावर शेजारचं मांजर येऊन समोर बसलं आणि संध्याकाळपर्यंत हललं नाही. तीन दिवसांच्या धुण्यानंतर शेंदरी रंग उतरला, पण मूळचा करडाही परत आला नाही. दोन्हींच्या मधे कुठेतरी, जुन्या तांब्याच्या भांड्यावर ऊन पडावं तसा रंग येऊन थांबला. खालचे ठिपके त्यातून चमकायला लागले. एतेल्विना त्याच्याकडे बघत म्हणाली, "वाईट म्हणजे, सुंदर दिसतोय."

रविवारी सकाळी पुलाजवळ सगळं गाव जमलं होतं. गवतावर दहिवर गोठलेलं, नदीवरून वाफ निघत होती. फ्रोइलानबाबा घोंगडी गुंडाळून खुर्चीत बसले होते. त्यांच्या शेजारी वेताची टोपली, वर जाड कापड, चारी बाजूंनी दोऱ्याने बांधलेलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे एतेल्विनाला माहीत होतं. तिला फक्त गाव पांगेपर्यंत उजाडायला नको होतं. सातुरिओ ओविएदोहून आला होता आणि सकाळीच खुराड्याची मापं घेऊन झाल्याचं तो ज्याला त्याला सांगत होता.

नदीचा रखवालदार आदेलिनो याने परवाना पाहिला, गळ पाहिला. "टोकाला उलटा काटा नाही ना? मासा लागला की लगेच पाण्यात सोडायचा. वर उचलून मिरवायचा नाही. नियम म्हणजे नियम." मग माशीकडे पाहून त्याच्या भुवया टोपीत गेल्या. "हे काय आहे?"

"पिसं माझ्या सासऱ्यांच्या कोंबड्यांची आहेत," अनिसेतो म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

त्याने दोरी फेकली. पहिली फेक झाडात गेली. "झाड लागलं!" सिरो काठावरून ओरडला, जणू मोजणी चालू होती. दुसरी फेक बाल्बिनोच्या टोपीत. तिसरी पाण्यात पडली, पण माशीच्या आधी अनिसेतोचा एक पाय. "जावईबापू, ट्राउट बाहेरून काढायचा असतो, आत जाऊन नाही!" कोणीतरी म्हणालं आणि सगळा काठ खदखदला. अनिसेतोच्या बुटात बर्फासारखं पाणी भरलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर सूप उकळत होतं. चोवीस वर्षं दाणे टाकलेल्या हातांनी त्याने चौथ्यांदा दोरी फेकली, आणि या वेळी, कशी ते त्यालाही कधी सांगता आलं नाही, ती शेंदरी माशी मोठ्या खडकामागच्या शांत पाण्यावर अलगद उतरली.

पाणी फुगलं. माशी दिसेनाशी झाली. गळाची काठी वाकली.

त्या पहिल्या झटक्यालाच अनिसेतोने बोंब ठोकली. दोरी सरसरत गेली, परत आली, तो गुडघाभर पाण्यात, मग कमरेपर्यंत. त्याने दोन्ही हात पाण्यात घातले तेव्हा त्यांच्यात एक खरोखरचा, जिवंत, ठिपक्यांचा, दांडगा ट्राउट होता. त्याने तोंड वर करून पुन्हा बोंब ठोकली, "लागला! बघा! लागला!"

कोणी बघितलं नाही.

त्याला एकही डोळा नदीकडे दिसला नाही. सगळं गाव पाठ करून उभं होतं. कारण माणसाच्या एवढ्या मोठ्या बोंबेला उत्तर दिल्याशिवाय कोंबड्याला राहवत नाही. पहिल्याच बोंबेला बिशपने टोपलीत बांग ठोकली, पंख फडफडवले, दोरे तुटले, कापड खाली पडलं, आणि नेमक्या त्याच वेळी डोंगरावरून आलेल्या पहिल्या उन्हात तो टोपलीच्या काठावर उभा राहिला. तांबूस, सोनेरी, नखशिखांत झळाळत.

निएवेसने छातीवर क्रूस काढला. बाल्बिनो पुटपुटला, "चाळीस वर्षांच्या नोकरीत असं काही..."

"आदेलिनो!" अनिसेतो पाण्यातून ओरडला. "मासा! इकडे बघ!"

"सोड त्याला पाण्यात," आदेलिनो पाठमोराच म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

अनिसेतोने मासा खाली नेला. त्याने त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं, दोन क्षण धरून ठेवलं, आणि ट्राउट शेपटीच्या एका फटक्यात निघून गेला. चोवीस वर्षांचा पुरावा गेला. आता काठावर जाऊन कोणाला काय दाखवणार?

फ्रोइलानबाबा घोंगडी टाकून उठले. चालत बिशपपाशी गेले. त्याच्या मानेतलं एक पीस त्यांनी अलगद ओढलं, दोन बोटांत धरलं आणि खोऱ्याच्या रीतीप्रमाणे उजेडासमोर हळूहळू फिरवलं. शंभर माणसं पापणी न लववता पाहत होती. काठापाशी सरकलेल्या नवऱ्याचा ओला हात एतेल्विनाने धरला. दोघांच्याही पायाखालची वाळू सरकली होती, अनिसेतोच्या तर अक्षरशः.

"हा रंग," फ्रोइलानबाबा म्हणाले, "हा रंग या खोऱ्यात आजवर कोणी पाहिलेला नाही."

"काका, काहीतरी लावलं असेल," सातुरिओ म्हणाला.

सगळं गाव त्याच्याकडे वळलं. त्याने पाद्रीबाबांच्या आईला शिवी दिली असती तर गावाने कदाचित माफ केलं असतं.

"लावलं?" बाल्बिनो म्हणाला. "कोंबड्याला? ओतेरात? फर्निचरला लावतात पॉलिश, ओविएदोत."

"अरे, असं कोण करेल?" सिरोने विचारलं, आणि खरंच, असं कोण करेल हे कोणालाच सुचलं नाही. अनिसेतोकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. हा अपमान होता की सुटका हे त्याला ठरवता येईना.

"ऐका," फ्रोइलानबाबांनी हात वर केला. "असा पक्षी पदरात पडल्यावर खुराडं सोडून जाणं हे पाप होईल. याची वीण वाढवायची तर दहा वर्षं तरी पाहिजेत. मी जगेन दहा वर्षं. कोंबडे माझ्याकडेच राहतील. शब्द दिला होता, पण हे देवाचं काम आहे, माझं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सातुरिओ मापाची पट्टी घेऊन गाडीत बसला. गावाने फ्रोइलानबाबांना खुर्चीसकट उचलून सिरोच्या खानावळीत नेलं. ज्या माणसाने चोवीस वर्षांत पहिला ट्राउट काढला होता, तो नदीतच उभा राहिला, शेवटी बायकोच्या हाताला धरून बाहेर आला.

"मी खरंच काढला होता गं," तो म्हणाला.

"माझी पाठ होती हो," एतेल्विना रडवेल्या आवाजात म्हणाली. "पण तुम्ही म्हणता तर काढला असेल."

'असेल' हा शब्द घरी येईपर्यंत त्याच्या छातीत रुतून बसला.

दुपारी सासऱ्यांनी त्याला खुराड्यात बोलावलं. ते स्टुलावर बसले होते, मांडीवर बिशप. "दार लावा, जावईबापू. पिमेंतोन आपलंच ना? नोव्हेंबरातलं?"

अनिसेतो मक्याच्या पोत्यावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा कोसळला. "तुम्हाला कळलं?"

"बुधवारीच. सगळं घर चोरिसोसारखं दरवळत होतं. माडीवर आमचे कान म्हातारे झालेत, नाक नाही. आणि माझा कोंबडा मला कळणार नाही? शेपटीला जास्त झालाय. पुढच्या वेळी शेपटीला कमी लावा."

"पुढच्या वेळी?"

"दीड महिन्यात नवी पिसं येतील, ती करडीच. दर दीड महिन्याने लावावा लागेल. पण मला माहीत आहे हे पोरीला कळू देऊ नका, ती फार हळवी आहे."

"पण बाबा, गावासमोर तुम्ही असं का केलंत?"

म्हाताऱ्याने बिशपच्या मानेवरून बोट फिरवलं. "जानेवारीत खोकला लागला तेव्हा वाटलं, आता संपलं. म्हणून बोलून गेलो. मग खोकला राहिला आणि मीही राहिलो. रोज सकाळी यांच्याकडे यायचं नाही, तर उठायचं कशासाठी? पण अख्ख्या खानावळीसमोर दिलेला शब्द मागे कसा घेणार?"

अनिसेतोला त्यांची दया आली, आणि त्याच क्षणी स्वतःचीही आली, आणि दुसरी जास्त आली. "पण बाबा, मी ट्राउट काढला होता! खरोखर! तुमच्या पिसांवर! आणि एका माणसाने, एकाही माणसाने बघितला नाही!"

"बावन्न सेंटिमीटर," फ्रोइलानबाबा म्हणाले. "मादी. डाव्या गालावर जुना ओरखडा. सोडताना तोंड प्रवाहाकडे केलंत, ते उत्तम केलंत. मी स्वतः याहून मोठा काढलेला नाही."

अनिसेतो पोत्यावरून उठला. "तुम्ही पाहिलात?"

"पहिल्या झटक्यापासून."

"मग तिथे बोलला का नाहीत!"

"बोललो असतो," सासरे शांतपणे म्हणाले, "तर कोंबडे द्यावे लागले असते."